थ्री नॉट थ्री : खोलणे, पुसणे, जोडणे

नववीत असताना मला सहा महिने कोत ड्यूटी होती. कोत म्हणजे शस्त्रे ठेवण्याची खोली. हे पालकांसाठी सांगितले, कॅडेट्सना माहीतच आहे. आमच्या कोतमध्ये ड्रिलसाठी ज्या रायफली आहेत, त्या सगळ्या जुन्या .३०३ लीएनफील्ड आहेत. त्यांना 'डी.पी.' म्हणतात, म्हणजे फक्त ड्रिलसाठी. त्यांच्या फायरिंग पिनचे टोक कापलेले असते आणि चेंबरला आडवे भोक पाडलेले असते, त्यामुळे त्यांतून गोळी सुटू शकत नाही. रेंजवर आपण .२२ ने फायर करतो, ती रायफल वेगळी. तरीही खोलणे, पुसणे आणि जोडणे हा धडा आम्ही याच जुन्या रायफलीवर शिकलो. तो धडा मी इथे लिहीत आहे, आणि त्यातली एक गोष्ट मी चुकीची केली होती तीही लिहीत आहे. संपादक सरांनी विचारले, "ते लिहायचेच का?" मी हो म्हणालो.

आधी रायफलीची ओळख. बॉडीच्या मागच्या भागावर, बटाच्या जरा पुढे, उजव्या बाजूला पाहिले तर शिक्का दिसतो. आमच्या बट नंबर २७ वर वर मुकुट आहे, खाली 'जी.आर.आय.', मग 'ईशापूर', मग १९४३, आणि त्याखाली मॉडेलचे नाव. जी.आर.आय. म्हणजे जॉर्ज राजा आणि सम्राट. ईशापूर हे कोलकात्याच्या उत्तरेला हुगळीच्या काठी आहे, तिथल्या सरकारी कारखान्यात ही बनली. स्वातंत्र्यानंतर बनलेल्या रायफलींवर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. कोतमध्ये दोन्ही प्रकार आहेत आणि शेजारी शेजारी उभे केले की इतिहासाचा एक पाठ फुकट होतो. २७ नंबर माझ्या आजीपेक्षा सहा वर्षांनी मोठी आहे. हे मी आजीला फोनवर सांगितले तर ती म्हणाली, "मग तिचेही गुडघे दुखत असतील, जपून हाताळ." हे वाक्य पुढे मला फार आठवले.

'ली' हे जेम्स पॅरिस ली यांच्यावरून. मागे लॉक होणारा बोल्ट आणि खाली पेटीसारखे मॅगझिन ही रचना त्यांची. 'एनफील्ड' हे लंडनजवळच्या शस्त्र कारखान्याचे गाव. मार्क ३ हे मॉडेल १९०७ चे. पहिल्या महायुद्धात भराभर रायफली हव्या होत्या म्हणून त्यातले काही भाग कमी करून जे सोपे मॉडेल काढले, त्याला 'मार्क ३ स्टार' म्हणतात. आपल्याकडे तेच. वजन सुमारे ३.९ किलो, लांबी सुमारे ११३ सेंटिमीटर, मॅगझिनमध्ये १० राउंड, ते पाच पाचच्या क्लिपने वरून भरायचे. नळीत पाच खाचा असतात आणि त्या डावीकडे वळतात. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्याची मुख्य रायफल हीच होती. १९४७-४८ मध्ये काश्मीरमध्ये आणि १९६२ मध्येही आपले जवान हीच घेऊन लढले. नंतर ईशापूरमध्ये याच घडणीची ७.६२ ची रायफलही बनली, पण ती आमच्याकडे नाही.

आता धडा. आमचे उस्ताद सांगली जिल्ह्यातले हवालदार. मैदानावर ते फक्त हिंदी बोलतात, पण कोतमध्ये आम्ही दोघेच असलो की मराठी. त्यांचे पहिले वाक्य नेहमी एकच, "आधी रिकामी हाय का बघ." डी.पी. रायफल असली तरी. मी एकदा म्हणालो, "उस्ताद, हिच्यातून गोळी जातच नाही." ते म्हणाले, "हिच्यातून जात नाही. पण तुझ्या हाताला सवय लागंल न बघायची, आन् उद्या दुसरी रायफल हातात यील." तेव्हापासून मी वाद घातला नाही. नळी सुरक्षित दिशेला, मॅगझिन काढलेले, बोल्ट मागे, आणि चेंबरमध्ये डोळ्याने पाहून शिवाय करंगळीने चाचपून खात्री. नुसते डोळ्याने पाहिलेले उस्तादांना चालत नाही.

मॅगझिनचा खटका ट्रिगर गार्डच्या आत, पुढच्या बाजूला आहे. तो वर दाबला की मॅगझिन खाली हातात येते. आतला प्लॅटफॉर्म, म्हणजे ज्यावर राउंड बसतात ती पत्र्याची पट्टी, मागच्या बाजूने दाबली की पुढून सुटते. स्प्रिंग त्याच्याबरोबर येते. मॅगझिनच्या तळाशी काय काय सापडते ते इथे लिहिण्यासारखे नाही. एकदा मला तिथे च्युइंगगमचा कागद मिळाला होता.

बोल्ट काढताना नवीन कॅडेट अडतो. दांडी वर करायची, बोल्ट पूर्ण मागे ओढायचा, आणि मग बोल्टचे डोके (बोल्ट हेड) बोटाने उजव्या बाजूने वर उचलायचे. ते बॉडीच्या कडेवर चालत असते, तिथून सुटून वर फिरले की बोल्ट मागे सरळ बाहेर येतो. जोर लागतो, बोट चिमटते, आणि तोंडातून आवाज निघतो. तो आवाज निघाला की उस्ताद म्हणतात, "झालं, आता विसरणार नाहीस."

बोल्ट हातात आला की दांडीच्या मुळाशी असलेला नंबर वाचा आणि बॉडीवरच्या नंबराशी जुळवा. दहा रायफली एकाच टेबलावर उघडल्या तर बोल्टांची अदलाबदल व्हायला एक मिनिट पुरते. दिसायला सगळे सारखेच. पण प्रत्येक बोल्ट त्याच्या त्याच्या बॉडीला कारखान्यात बसवलेला असतो, आणि बोल्टचा चेहरा व चेंबर यांमधले अंतर त्यावर ठरते. खऱ्या रायफलीत हे अंतर जास्त झाले तर राउंडची पितळी केस मागे फाटू शकते. म्हणून आमच्याकडे नियम आहे, एका चटईवर एकच रायफल.

कॅडेटने खोलायचे ते एवढेच. स्लिंग, मॅगझिन, बोल्ट. पुढचे स्क्रू दिसतात, स्क्रूड्रायव्हर बसेल असेही दिसते, पण ते आर्मररचे काम. ही ओळ मी ठळक लिहू का असे सरांना विचारले होते.

आता साफसफाई. बटाच्या तळाला जी पितळी पट्टी आहे तिच्यात एक छोटे दार असते. ते उघडले की आत तेलाची पितळी बाटली आणि पुलथ्रू. बाटलीच्या झाकणाला आतून एक छोटा चमचा असतो, थेंब थेंब तेल घ्यायला. पुलथ्रू म्हणजे एका टोकाला पितळी वजन असलेली दोरी आणि दुसऱ्या टोकाला तीन फासे. वजनाकडून मोजले तर पहिला फासा तारेच्या जाळीसाठी, दुसरा चिंदीसाठी, आणि तिसरा पुलथ्रू नळीत अडकला तर उलटा ओढून काढण्यासाठी. जाळी गंज असेल तरच आणि परवानगीनेच. पुसायला चिंदी ४ बाय २ इंच, तेल लावायला ४ बाय दीड. मापाला कारण आहे. जाड चिंदी घातली की ती मध्येच अडकते, मग दोन कॅडेट दोरी ओढतात, तिसरा रायफल धरतो आणि चौथा हसतो.

वजन चेंबरकडून आत सोडायचे, तोंडाकडून बाहेर. ओढताना दोरी नळीच्या रेषेत सरळ. हा मुद्दा पुस्तकात एका ओळीत आहे पण खूप महत्त्वाचा आहे. वाकडी ओढली तर दोरी रोज नळीच्या तोंडाच्या एकाच बाजूला घासते. दोरी मऊ, पोलाद कडक, तरी काही वर्षांत तिथे खाच पडते. विहिरीच्या दगडावर दोराने पडलेली खाच मी गावी पाहिली आहे, तेच. आणि गोळी शेवटचा स्पर्श नळीच्या तोंडालाच करते, म्हणून तिथली झीज नेम बिघडवते. आम्ही हे दोघांनी करतो. एक रायफल घट्ट धरतो, दुसरा एका झटक्यात, न थांबता ओढतो. मग नळीत बघायचे. बोल्टच्या जागी अंगठ्याचे नख तिरके धरले की उजेड नखावरून आत जातो आणि तोंडाकडून नळी आरशासारखी दिसते. म्हणून नखे स्वच्छ ठेवा असे हाउसमास्तर सर म्हणतात ते वेगळ्या कारणासाठी, पण उपयोग इथेही होतो.

केमिस्ट्रीचा एक भाग मला इथे फार आवडला. जुन्या .३०३ राउंडच्या कॅपमध्ये पोटॅशियम क्लोरेट असायचे. फायर झाल्यावर त्यातून पोटॅशियम क्लोराईड उरते, म्हणजे एक क्षारच, मिठाचा भाऊ. तो नळीत बसतो, हवेतला ओलावा ओढतो आणि पोलाद गंजवतो. आपण म्हणू, भरपूर तेल लावू. पण क्षार तेलात विरघळत नाही. तेल वर राहते आणि खाली गंज चालू राहतो. म्हणून त्या काळी सैनिक फायरिंगनंतर नळीतून उकळते पाणी ओतत, साधारण तीन लिटर, त्यासाठी खास फनेल असे. पाण्यात क्षार विरघळतो, आणि पाणी उकळते असल्यामुळे नळी तापते व उरलेले पाणी स्वतःच वाळून जाते. मग तेल. त्यानंतरही पुढचे काही दिवस रोज पुसायचे. आमच्या डी.पी. रायफलींना उकळत्या पाण्याची गरज नाही. त्यांना त्रास आहे तो पावसाचा आणि आमच्या हातांचा. घामातही मीठ असते. ऑगस्टमध्ये आमच्याकडे गादीसुद्धा ओलसर असते, आणि परेडनंतर न पुसता ठेवलेल्या बोल्टवर दुसऱ्या दिवशी बोटांचे ठसे तांबूस उमटतात. कोणाची बोटे ते कळत नाही, नाहीतर उस्तादांनी शोधून काढले असते.

तेल पातळ लावायचे. बोट फिरवले तर ओलसर वाटले पाहिजे, थेंब दिसता कामा नये. जास्त तेलावर धूळ बसते आणि धूळ व तेल मिळून पॉलिश पेपर होतो. लाकडाला हे तेल नाही. लाकडाला जवसाचे कच्चे तेल, तळहातावर दोन थेंब घेऊन लाकूड गरम होईपर्यंत चोळायचे. पहिल्यांदा बाटली उघडली तेव्हा मला घरच्या जवसाच्या चटणीचा वास आला आणि एकदम भूक लागली. वॉर्निश लावायचे नाही, कारण वॉर्निश वर बसते आणि लाकूड आत कोरडेच राहते.

जोडताना उलट क्रम. बोल्ट आत घालण्याआधी बघायचे, बोल्ट हेड पूर्ण फिरवून बसले आहे का, आणि रेझिस्टिंग लग व कॉकिंग पीस एका सरळ रेषेत आहेत का. नसतील तर बोल्ट जात नाही आणि नवीन कॅडेट त्याला ठोकायला लागतो. ठोकू नका. बाहेर काढा, रेषेत आणा, पुन्हा घाला, बोल्ट हेड खाली दाबून कडेवर बसवा. बोल्ट पुढे ढकलताना शेवटी जोर लागतो. ती स्प्रिंग दाबली जात असते, कारण ही रायफल बोल्ट बंद होताना कॉक होते. मग ट्रिगर दाबून स्प्रिंग मोकळी करायची आणि मॅगझिन लावायचे.

आता माझी चूक. जानेवारीत प्रजासत्ताक दिनाच्या परेडची तयारी चालू होती. २७ नंबरचा बट हलत होता. फार नाही, हाताने हलवला तर 'खुट' असा आवाज. हिवाळ्यात लाकूड आकसते, त्यामुळे असे होते हे मला आता माहीत आहे. उस्ताद सुट्टीवर होते. नियमाप्रमाणे मी रजिस्टरमध्ये 'बट सैल' असे लिहून रायफल बाजूला ठेवायला हवी होती. पण मग स्क्वाडला एक रायफल कमी पडली असती, आणि मला वाटले एवढे तर आपल्याला येते. बटाच्या दारातून बाटली आणि पुलथ्रू काढले, आतली चामड्याची चकती काढली, तर खोल एक लांब बोल्ट दिसला. हा बट बॉडीला धरून ठेवतो. हॉस्टेलच्या इलेक्ट्रिशियन काकांकडून लांब स्क्रूड्रायव्हर आणला आणि घट्ट करायला फिरवला. फिरेना. दोन्ही हातांनी जोर लावला. 'कट' असा आवाज झाला आणि तो पाव वळसा फिरला. बट हलायचा थांबला. मी खूश झालो. मग रायफल उलटी केली तर पुढच्या लाकडाला, जिथे ते बॉडीच्या मागच्या भागाला टेकते तिथे, केसासारखी रेघ दिसली. चार बोटे लांब.

मी ती रेघ तेलाने पुसली, म्हणजे ती दिसेनाशी होईल असे मला वाटले, आणि रायफल रॅकमध्ये ठेवली. रजिस्टरमध्ये 'ठीक' लिहिले. ते अक्षर अजून तिथे आहे.

दुसऱ्या दिवशी ती रायफल स्क्वाडमधल्या आसामच्या एका ज्युनियरला मिळाली. दोन दिवसांच्या ड्रिलने रेघ रुंद झाली. निरीक्षणात ती सापडली आणि सगळ्यांचा एकच अंदाज, याने 'बाजू शस्त्र' करताना रायफल आपटली. तो म्हणत होता की आपटली नाही. कोत रजिस्टर उघडले तर आदल्या दिवशी 'ठीक', खाली माझी सही. त्याला स्क्वाडमधून काढून राखीव केले. मी तिथेच उभा होतो, चाव्या माझ्या हातात होत्या. काही बोललो नाही. त्या रात्री आणि पुढची रात्र झोप लागली नाही हे खरे, पण मी बोललो तिसऱ्या दिवशी, उस्ताद सुट्टीवरून परत आल्यावर. तोपर्यंत त्याच्या जागी दुसरा मुलगा पक्का झाला होता.

उस्ताद रागावतील असे वाटले होते. ते मराठीत न बोलता हिंदीत बोलले, ते मला जास्त लागले. सुभेदार साहेबांना सांगितले, ज्युनियरला सगळ्यांसमोर निर्दोष म्हटले गेले, माझी कोत ड्यूटी गेली. पण त्याला परेडमधली जागा परत मिळाली नाही, कारण परेडला चार दिवस उरले होते.

रविवारी आर्मरर उस्ताद आले. ते गढवालचे. मला समोर बसवून त्यांनी २७ नंबर उघडली. आधी पुढचे नाकाडे, मग पट्ट्या, मग ट्रिगर गार्ड, आणि मग अख्खे पुढचे लाकूड खाली आले. आत मला काय झाले ते दिसले. बटाच्या त्या लांब बोल्टचे पुढचे टोक चौकोनी आहे. ते बॉडीतून आरपार पुढे येते आणि पुढच्या लाकडात बसवलेल्या एका छोट्या लोखंडी पट्टीच्या खाचेत अडकते. बोल्ट स्वतःहून सैल पडू नये म्हणून ही योजना. म्हणजे पुढचे लाकूड न काढता बोल्ट फिरवला की चौकोन फिरतो, पट्टी त्याच्याबरोबर फिरते आणि लाकूड आतून फाकते. मला जे घट्ट वाटत होते ते लाकूड होते, ते विरोध करत होते. आर्मरर उस्ताद म्हणाले की सैल करतानाही अगदी हेच होते, आणि अशी लाकडे त्यांनी कित्येक पाहिली आहेत. त्यांनी दुसऱ्या एका रायफलीवर मॅगझिनच्या थोडे पुढे लाकडातून आडवा गेलेला एक स्क्रूही दाखवला. ईशापूरच्या काही रायफलींत तो मुद्दाम घातलेला असतो, लाकडाला आधार म्हणून.

त्यांनी भेगेत सरस भरला, दोन बारीक लाकडी खुंट्या आरपार घातल्या, एक दिवस शिकंजात ठेवले. बटाचा बोल्ट योग्य तेवढा आवळला आणि त्याचा चौकोन पट्टीच्या खाचेशी जुळेल असा सरळ उभा करून ठेवला, मग लाकूड परत चढवले. हे जुळवणे डोळ्याने होते, मी दोनदा पाहिले तरी मला जमेल असे वाटत नाही.

२७ नंबर आता परेडला जात नाही. नववीच्या मुलांना धडा देताना ती टेबलावर असते. सप्टेंबरमध्ये मला कोत ड्यूटी परत मिळाली. तो ज्युनियर माझ्याशी अजून कामापुरते बोलतो. या वर्षीच्या स्क्वाडमध्ये त्याची निवड झाली आहे, त्याची रायफल बट नंबर ११ आहे, आणि ती तो स्वतःच पुसतो, मला देत नाही. खुंट्यांचे लाकूड फिकट आहे. त्यावर दर रविवारी जवसाचे तेल चोळतो, पण रंग अजून जुळलेला नाही.